परतीचं पाणी

कर्जत-खालापूरकडच्या स्वयंपाकघरात भिंतीवर टांगलेली दिनदर्शिका म्हणजे घराची चोपडीच असते. दूध आलं नाही त्या दिवसांवर फुल्या, गॅसचा सिलिंडर लावल्याची तारीख, कुणाच्या तरी साखरपुड्याभोवती पेनाने ओढलेलं वर्तुळ, आणि खाली बारीक अक्षरात तिथी. संकष्टीचा उपास आणि एकादशीची खिचडी ठरवण्यापलीकडे त्या तिथीकडे फारसं कुणी पाहत नाही. पण तोच आकडा किनाऱ्यावर नेला की त्यातून समुद्राची वेळ निघते. तिथीला तिनाने गुणायचं आणि चाराने भागायचं. येईल ती भरतीची वेळ. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते, एवढ्या एका गोष्टीवर हा हिशेब उभा आहे. तो काटेकोर नाही. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि खाडीत जितकं आत जावं तितकी भरती उशिरा पोहोचते. तरीही ज्या घराच्या खिडकीतून फक्त सह्याद्रीचा कडा दिसतो त्या घरातही समुद्राचं वेळापत्रक टांगलेलं असावं, याची मौज वाटते. छोटी होडी घेऊन आडबाजूच्या किनाऱ्यावर मासेमारीला जायचा बेत आखायचा तर तो इथून, या बारीक आकड्यापासून आखावा; आणि त्या आकड्याला आधी विचारावं ते परत कधी यायचं हे. निघायचं कधी, हा प्रश्न नंतरचा.

या दोन तालुक्यांना समुद्रकिनारा नाही. रायगड म्हटलं की बाहेरच्या माणसाला अलिबाग-मुरुड आठवतं; कर्जत आठवतं ते रेल्वेचं स्टेशन म्हणून आणि खोपोली घाटाचा पायथा म्हणून. पाण्याच्या बाजूने पाहिलं तर चित्र वेगळं दिसतं. उल्हास कर्जतवरून बदलापूर, कल्याण करत वसईच्या खाडीकडे जाते. पाताळगंगा खालापुरातून धरमतरच्या खाडीला मिळते. अंबा खोपोलीच्या बाजूच्या डोंगरात उगम पावून पाली, नागोठणं करत त्याच खाडीत उतरते. नागोठण्यापर्यंत भरतीचं पाणी चढतं, आणि एके काळी गलबतं ती भरती पकडून तिथल्या बंदराला लागत. पाताळगंगेचं आणखी एक वैशिष्ट्य आहे. भर उन्हाळ्यातही ती वाहते ती खोपोलीच्या वीजघरामुळे. टाटांचं हे वीजघर १९१५ सालचं. घाटमाथ्यावर लोणावळ्याकडे अडवलेलं, एरवी भीमा-कृष्णेवाटे पूर्वेच्या समुद्राला गेलं असतं ते पाणी मोठाल्या नळांतून घाट उतरतं, वीज तयार करतं आणि पाताळगंगेत पडतं. भिवपुरीचं वीजघर १९२२ सालचं. तिथलं पाणी पेज नदीवाटे उल्हासला मिळतं. वीजनिर्मितीच्या वेळांप्रमाणे या नद्या चढतात, उतरतात. काठावर कपडे धुणारी बाई आणि गळ टाकून बसलेला कातकरी दोघांचीही नजर दगडावरच्या ओल्या रेघेवर असते. पाणी रेघेच्या खाली असेल तर ते पुन्हा तिथवर येणार, हे त्यांना सांगावं लागत नाही. समुद्र न पाहिलेल्या माणसालाही वेळेने बांधलेलं पाणी ठाऊक असतं ते असं.

सहलीचा बेत ठरताना मात्र हे ज्ञान कुठे जातं कोण जाणे. चार मित्र जमतात आणि यादी सुरू होते. गळ किती, दोरी कोणत्या जाडीची, शिसं, आमिषाला कोलंबी, बर्फाचा डबा, गाडी कुणाची, चूल आणि मसाला कोण आणणार. यादी अशी वाढत जाते की जणू जाणं हेच अवघड आहे. वास्तविक जाणं सोपं असतं. खोपोलीहून पाली-रोहामार्गे मुरुड गाठता येतं. जंजिऱ्याच्या पाठीमागे राजपुरीची खाडी आत मांदाडपर्यंत शिरते. एका बाजूला फणसाडच्या अभयारण्याचे डोंगर, आत कुड्याची लेणी, मधे लांबच लांब शांत पाणी. होडी भाड्याने मिळते, ओहोटी लागली की ती आपोआप बाहेरच्या दिशेने सरकू लागते. आडबाजूपण सुरू होतं ते परतताना. दूर म्हणजे किती किलोमीटर, हे मोजमाप जमिनीवरचं. पाण्यावर दूर म्हणजे किती तास परतता येणार नाही, एवढंच. मांडव्यासमोर, मुंबईच्या इमारती डोळ्यांना दिसत असताना, एखादी होडी चिखलात रुतली की तिच्यातली माणसं पुढची भरती येईपर्यंत कुणापासूनही तितकीच दूर असतात. हे मान्य केलं तर यादीचा क्रम उलटा करावा लागतो. आधी परत येण्याची वेळ, मग तिच्यासाठी लागणारं पाणी, मग वारा, मग इंधन, आणि सगळ्यात शेवटी मासा.

हा उलटा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. समजा, दिवस अष्टमीचा धरला. सकाळी सहाच्या सुमारास भरती पूर्ण होते, मग दुपारी बारापर्यंत ओहोटी, पुढे संध्याकाळी सहापर्यंत पुन्हा भरती. थंडीच्या दिवसांत पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. हा मतलई वारा. दुपारी तो उलटतो आणि समुद्राकडून खारा वारा सुटतो. म्हणजे अष्टमीला सकाळी पाणी आणि वारा दोन्ही बाहेर नेतात, दुपारी दोन्ही घरी आणतात. शिवाय ही भांगाची भरती. पाणी फार चढत नाही, फार उतरत नाही, ओढ कमी. आता पौर्णिमा धरू. सकाळी सहाला ओहोटी तळाला गेलेली, होडी चिखलात बसलेली. निघायलाच आठ-नऊ वाजतात. दुपारी बारानंतर ओहोटी सुरू होते आणि परतायच्या वेळी खाडीचं पाणी जोरात बाहेर पडत असतं. नेमका त्याच वेळी खारा वारा आत येत असतो. पाणी एका दिशेला, वारा त्याच्या तोंडावर, अशा वेळी खाडीच्या मुखाशी आखूड, उभ्या लाटा उठतात आणि छोट्या होडीला त्याच सगळ्यात वाईट. पौर्णिमा-अमावास्येच्या अशा उधाणाच्या दिवसांत मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं. ते सगळं सहा तासांत परत जायचं असतं, आणि त्यातलं निम्मं मधल्या दोन तासांतच जातं. तीच होडी, तीच माणसं, तीच खाडी. फरक केवळ तिथीचा. निघण्याची वेळ पाहून बेत आखणाऱ्याला सोयीचा रविवार दिसतो. परतीची वेळ पाहणाऱ्याला या दोन दिवसांतलं अंतर दिसतं.

सुकतीच्या वेळी खाडी पाहिलेल्या माणसाला हे पटवावं लागत नाही. सकाळी जिथे निळसर पाणी होतं तिथे दुपारी राखाडी चिखल चकाकत असतो. त्यावर निवट्या उड्या मारत फिरतात, खेकड्यांची बिळं बुडबुडे सोडतात, आणि मधे एखादी होडी एका कुशीवर कलंडलेली असते. तिच्यापासून धक्का हाकेच्या अंतरावर दिसतो. म्हणून कुणी उतरून चालायला लागलं तर पहिलं पाऊल घोट्यापर्यंत जातं, दुसरं गुडघ्यापर्यंत, आणि तिसरं उचलताना चप्पल आत राहते. कालवांच्या धारदार कडा तळपाय कापतात. अशा चिखलात घाई करणारा अधिक रुततो. होडीत बसून राहणं एवढाच उपाय, आणि बसायचं तर पाणी, सावली आणि धीर बरोबर हवा. या तीन गोष्टी सहलीच्या यादीत क्वचितच असतात. नांगराचंही तसंच. तो असतो, पण त्याची दोरी आखूड असते. पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट दोरी सोडली तर नांगर धरतो. नाहीतर तो तळावरून नुसता घसरत जातो. इंजिन बंद पडलं आणि ओहोटी चालू असली की होडीला खाडीत धरून ठेवणारी वस्तू ती एकच. इंधनाचे तीन भाग करावेत; एक जायला, एक यायला, एक हात न लावता ठेवायला. यातली एकही गोष्ट मासा मिळवून देत नाही. सगळ्या परतीच्या बाजूच्या आहेत.

परतीची वाट न बघता आत शिरणं काय करतं, याचा दाखला खुद्द खालापूर तालुक्यात आहे. १६६१च्या फेब्रुवारीत शाइस्ताखानाने पाठवलेला कारतलबखान मोठी फौज घेऊन कोकणात उतरला. कुरवंड्याच्या घाटाने खाली येऊन तो चावणीजवळच्या उंबरखिंडीत शिरला. पुढे दाट रान, बाजूला चढ, मागे अरुंद वाट. शिवाजी महाराजांच्या लोकांनी दोन्ही तोंडं धरली, आणि फौजेला सामानसुमान टाकून, खंडणी देऊन सुटका करून घ्यावी लागली. उतरणं त्याला अवघड गेलं नव्हतं. ज्या अंबा नदीच्या काठी हे घडलं तिचं पाणी धरमतरच्या खाडीवाटे समुद्राला मिळतं, आणि तिथून थोडं दक्षिणेला, थळच्या समोर, खांदेरीचं बेट आहे. १६७९मध्ये महाराजांच्या आज्ञेने मायनाक भंडारी यांनी तिथे तट बांधायला घेतला तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी मोठी गलबतं आणून बेट कोंडायचा प्रयत्न केला. मराठ्यांच्या लहान होड्या नागावच्या खाडीतून रात्री रसद पोहोचवत राहिल्या. वारा पडला की वल्ह्यांवर जात, उथळ पाण्यात शिरत. जड जहाजांना तिथे त्यांचा पाठलाग करता येत नव्हता. रसद पोहोचवायची म्हणजे एकदाच धाडस करून भागत नाही, पुन्हा पुन्हा जावं लागतं आणि पुन्हा पुन्हा परतावं लागतं. १६८०च्या सुरुवातीला इंग्रजांना माघार घ्यावी लागली. मासेमारीच्या सहलीत लढाई कशाला, असं कुणी म्हणेल. पण दोन्हीकडे प्रश्न भूगोलाचाच आहे. उंबरखिंडीत मोठी फौज अडकली, खांदेरीला लहान होड्या तरल्या, आणि दोन्ही ठिकाणी निकाल लावला तो परतीच्या वाटेने.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की कोळी बांधव रोज समुद्रावर जातात, ते कुठे कागदावर बेत आखतात? आखत नाहीत हे खरं. पण त्यांचा बेत अख्ख्या कोळीवाड्याने मिळून आखलेला असतो. कुणाची होडी कोणत्या भरतीला लागायला हवी हे बंदरावर जाळी शिवत बसलेल्या म्हाताऱ्यालाही माहीत असतं, आणि ती लागली नाही तर विचारणारे असतात. तांडेल आज नको म्हणाला की खलाशी वाद घालत नाहीत. नारळी पौर्णिमेपूर्वी खवळलेल्या दर्यात उतरायचं नाही हा संकेत पिढ्यान्‌पिढ्यांचा. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, तिने या संकेताला कायद्याचं रूप दिलं. कर्जतहून आलेल्या चार जणांसाठी बंदरावर होड्या मोजणारं कुणी नसतं. त्यांच्या न येण्याची खबर आधी लागते ती दुसऱ्या दिवशी कामावर. म्हणून त्यांना कागद लागतो. खरं तर त्यांना कागदाच्याही आधी होडीचा मालक लागतो. होडीबरोबर होडीवालाही घेणं, त्याच्या दिवसाचे पैसे मोकळ्या हाताने देणं आणि तो नको म्हणाला तर गाडी वळवणं, यात कमीपणा मानायचं काहीच कारण नाही.

दुसरा आक्षेप यंत्रांचा. आता मोबाइलवर भरतीची वेळ दिसते, वाऱ्याचा नकाशा दिसतो, होडीला इंजिन असतं. तिथीचा गुणाकार कशाला हवा? यंत्रं जरूर वापरावीत. हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेची उंच लाटांची सूचना पाहिल्याशिवाय निघू नये, हे तर साधं शहाणपण. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक प्रत्येकाच्या फोनमध्ये असावेत. पण इंजिन वेग देतं, खोली देत नाही. खाडीत डोल जाळ्यांचे खुंट आणि दोर असतात, तळाला चिखल असतो. पंखा त्यात अडकला की अश्वशक्तीचा उपयोग संपतो. फोन आपण कुठे अडकलोय ते अचूक सांगतो, सोडवत नाही, आणि डोंगराच्या आड त्याची रेंजही जाते. शिवाय इंजिनाचा एक छुपा परिणाम असा की ते माणसाला आणखी थोडं पुढे जायचा मोह घालतं. हाताने वल्हवणारा थकव्यामुळे वेळेवर वळतो. इंजिनवाल्याला वळायची वेळ आधीच ठरवून घ्यावी लागते.

तिसरा आक्षेप अनुभवी माणसाचा असतो आणि तो सगळ्यात वजनदार. तो म्हणतो, मासा उधाणालाच मिळतो. भांगाच्या पाण्यात जाऊन हात हलवत यायचं का? डोल लावणाऱ्यासाठी हे बरोबर आहे. डोल एका जागी बांधलेलं जाळं. पाण्याची ओढ जितकी जोरकस तितका त्यात मासा अधिक, म्हणून त्याचा हंगाम उधाणाचा. तो त्याच्या पोटाचा व्यवहार आहे आणि जोखीम ओळखून केलेला आहे. हौशी माणसाने त्याचं गणित उसनं का घ्यावं? कर्जत-खालापुरातही पाणी ओढीला लागलं की मासा मिळतो. पहिल्या पावसात ओढे शेताला भिडतात, मासे प्रवाहाविरुद्ध चढतात, आणि वलगणीच्या रात्री बांधाबांधावर बॅटऱ्या लुकलुकतात. आदिवासी वाड्यांना तो वर्षातला हक्काचा घास असतो. पण त्याच पावसाळ्यात धबधबे आणि धरणांवर जाण्यास प्रशासनाला जवळजवळ दरवर्षी मनाई करावी लागते, कारण शहरातून आलेली माणसं पाण्याच्या पलीकडे जातात आणि मागचं पाणी वाढतं. वाडीतला माणूस गुडघाभर पाण्यात, बांधाला पाय लावून उभा असतो. दोघांचं पाणी एकच, परतीची वाट वेगळी. आणि जाळ्यात काय येतं याचीही एक मर्यादा आहे. २०२३मध्ये राज्य शासनाने ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवली. त्यापेक्षा लहान मासा पकडणं नियमाविरुद्ध आहे. पोट भरण्यासाठी जाणाऱ्याला हा नियम जाचतो तरी तो पाळायचा असतो. मौजेसाठी जाणाऱ्याला तर लहान मासा परत सोडताना काहीच गमवायचं नसतं.

राहतो तो रसिकाचा आक्षेप. इतका हिशेब केला तर सहलीची मजा काय उरली? अचानक निघावं, वाटेल तिथे थांबावं, पाण्यावर वेळेचं भान विसरावं, यासाठीच तर माणूस समुद्रावर जातो. या म्हणण्याला मान द्यायला हवा, कारण बाकीचा आठवडा ५.२०ची लोकल की ५.४८ची या विवंचनेत गेलेला असतो. पण वेळेचं भान विसरायला आधी कुणीतरी वेळ सांभाळलेली असावी लागते. अकरा वाजता गळ आवरायचे हे घरीच ठरलं असेल तर अकरापर्यंतचे तास निर्धास्त असतात. दोरीला बोट लावून बसावं, तळातली शिंगाळी आमिषाला टोचून जाते तो बारीक झटका ओळखावा, पलीकडच्या काठावर बगळे ओहोटीबरोबर खाली सरकताना पाहावेत. ज्याने काहीच ठरवलेलं नसतं त्याला दर दहा मिनिटांनी पाण्याकडे पाहून ठरवावं लागतं, आणि त्याच्या वाट्याला मोकळेपणापेक्षा घोरच जास्त येतो. भाताची कापणी उरकली, मळणी झाली, की कार्तिकापासून माघापर्यंतचे दिवस यासाठी उत्तम. सकाळचा समुद्र बहुधा शांत असतो आणि अष्टमी पंधरा दिवसांनी पुन्हा येतेच.

ठरवायची सगळ्यात कठीण गोष्ट म्हणजे न जाणं. गाडीत पेट्रोल भरलेलं, सुट्ट्या टाकलेल्या, बर्फ घेतलेला, चौघे पहाटे तीनला उठलेले. अशा वेळी किनाऱ्यावर उभं राहून परत फिरण्याचा निर्णय सहसा कुणी घेत नाही. तो आदल्या रात्री घरी, डोकं थंड असताना घ्यावा लागतो आणि अटींच्या रूपात लिहून ठेवावा लागतो. इशारा असेल तर नाही. होडीवाला नको म्हणाला तर नाही. प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जॅकेट नसेल तर नाही. परतायच्या वेळी दोन तासांहून कमी उजेड उरत असेल तर नाही. या अटी मोडायला चौघांची संमती लागावी आणि पाळायला एकाचं म्हणणं पुरावं. कागदाच्या शेवटी खाडीचं नाव, होडीवाल्याचा फोन आणि परतीची वेळ लिहा. मग तो कागद बरोबर नेऊ नका. घरच्यांच्या हातात द्या आणि सांगा, या वेळेनंतर एका तासात आमचा फोन आला नाही तर १५५४ लावा.